फाईन म्हणाला म्हणून निघालो

पाचशे रुपये गेले याचं मला काही वाटत नाही. हे वाक्य मी घरात आतापर्यंत तीनदा बोललो. तिन्ही वेळा आवाज चढला, त्यामुळे बायकोचा त्यावर काडीचा विश्वास नाही.

घडलं ते एवढंच. मंगळवारी सकाळी गिरणीतून दळण घेऊन स्कूटरवरून येत होतो. बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं घर गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. पायांमध्ये पिठाचा डबा, हेल्मेट घरी फ्रिजवर, चष्मा हेल्मेटमध्ये. चौकात एक तरुण पोलीस आडवा आला. वर्दी नवी, मिशी त्याहून नवी, बोलण्याची ढब विजापूरकडची. "सर, हेल्मेट?" मी माझ्या ठेवणीतल्या कन्नडमध्ये सांगितलं, "मनी इल्ले हत्र ऐत्री." म्हणजे, घर इथंच जवळ आहे हो. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं, जरासा ओशाळला आणि म्हणाला, "फाईन, सर."

मी म्हणालो, "थँक्यू," आणि निघालो.

दहा-बारा फूट गेलो असेन नसेन, मागून शिट्टी. मग धावणारे बूट. त्या पोराने स्कूटरचं मागचं कडं धरलं आणि धापा टाकत म्हणाला, "सर! फाईन! फाईन!" मीही वळून, दुप्पट सौजन्याने, "येस, येस, थँक्यू!" चौकातल्या उसाच्या गुऱ्हाळावरची माणसं ग्लास हातात धरून वळली. डब्याचं झाकण उडून पांढरं पीठ माझ्या काळ्या पँटवर पडलं होतं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा फाईन तो फाईन नव्हे.

मी बत्तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. पाचवीच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात घोकून घेत असे. हाऊ आर यू, आय ॲम फाईन. साठ पोरं एका सुरात 'फाईन' म्हणायची तेव्हा कौलं हलायची. पण समोरचा वर्दीत असेल तर हाच शब्द ऐकून ब्रेक दाबावा, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. परीक्षेत तसा प्रश्नच कधी आला नाही.

इथवर सगळं दोन मिनिटांत मिटलं असतं. मी पैसे दिले असते, पावती घेतली असती, पँट झटकली असती. पण गुऱ्हाळाच्या बाकड्यावरून एक गृहस्थ उठले.

साठीचे असतील. पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात प्रेशर कुकर. झाकण नव्हतं, नुसतं भांडं. रिंग बदलायला झाकण दुकानात ठेवून आले असावेत. तो कुकर त्यांनी पूर्ण वेळ हातात धरला होता आणि बोलताना मुद्द्यागणिक ते त्याच्यावर बोटाने टण्ण करून वाजवत.

"थांबा हो सर," ते मला म्हणाले. "तुम्ही गप्प बसा. मी बोलतो की त्यांच्याशी. तुम्हाला कन्नड येत नाही, त्यांना मराठी येत नाही. मध्ये कुणीतर पाहिजे का नको?"

मला कन्नड येतं. मघाशी मी कन्नडच बोललो होतो. पोलिसालाही मराठी बऱ्यापैकी कळत होतं, कारण हे ऐकून तो कसनुसं हसला. पण दुभाष्याची गरज आहे की नाही हे ठरवायचा अधिकार आमच्याकडे दोन्ही पक्षांना नसतो, तो दुभाष्यालाच असतो.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"मनी इल्ले हत्र ऐत्री, असं म्हणालो."

"बरं." टण्ण. मग पोलिसाकडे वळून, गंभीर चेहऱ्याने, "साहेब्र, रोक्क इल्लंत्री."

म्हणजे, यांच्याकडे पैसे नाहीत म्हणे. माझ्या कन्नडमधल्या 'मनी'चं, म्हणजे घराचं, त्यांनी इंग्रजीतलं मनी केलं आणि 'इल्ले'चं, म्हणजे इथंचचं, 'इल्ल' केलं, म्हणजे नाही. दोन शब्दांत दोन भाषा बदलून मला कफल्लक करून टाकलं. आणि मघाशी माझं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकून नीट समजलेला तो पोलीसदेखील आता माझ्याकडे संशयाने बघू लागला. त्याने मऊ आवाजात सांगितलं, "स्कॅन माडरी सर, नडीतैती." स्कॅन करा, चालतं.

"हंगल्ल री," मी घाईघाईने म्हणालो. तसं नाही हो.

"हानगल!" कुकरवाले ओरडले. "सर हानगलचे हायत म्हणालेत! साहेब्र, म्याश्टर हानगलदवरंत्री!"

आणि पोलिसाचा चेहरा उजळला. "हानगला? नम्म मावन ऊर री!"

हानगल हे त्याच्या सासऱ्याचं गाव निघालं. आता खरं तर मी लगेच सांगायला हवं होतं की बाबा रे, मी बेळगावचा, माझा बाप बेळगावचा, आजा खानापूरचा, हानगल मी नकाशात पाहिलंय, आणि तेही शाळेच्या भिंतीवरच्या. पण मी गप्प राहिलो. का राहिलो? कारण त्याने हातातलं यंत्र खाली केलं होतं. पाचशे रुपयांच्या आशेने मी दीड मिनिट हानगलकर झालो. त्याने विचारलं, हानगलला कुठं? मी म्हणालो, "बस स्टँड हत्र." प्रत्येक गावात बस स्टँड असतो आणि त्याच्या जवळ कुणी ना कुणी राहतंच.

तो भरभरून बोलला. त्याचे सासरे, त्यांची भातशेती, पावसाळ्यात होणारे हाल. मी मान हलवत होतो. कुकरवाले मध्ये मध्ये मला मराठीत सांगत होते, "शेती हाय म्हणालेत. भात लावलंय म्हणालेत." मग पोरगा भानावर आला, यंत्र वर घेतलं आणि अगदी दुःखी आवाजात म्हणाला, "आदरं फाईन कट्टबेकरी, सर."

"फाईन आहे म्हणालेत," कुकरवाल्यांनी मला दिलासा दिला. "फक्त कट्ट करायला पाहिजे. कट्ट म्हणजे भरायचं हो. बेकरीचा काय संबंध नाही त्यात." टण्ण.

"किती?" मी विचारलं.

"ऐनूर."

"पाचशे," कुकरवाले म्हणाले. पूर्ण संभाषणातलं हे एकमेव अचूक भाषांतर.

मग त्यांनी मला बाजूला ओढलं, म्हणजे कुकरच्या कानाने कोपराला ढोसलं, आणि हळूच म्हणाले, "तोडपाणी विचारू काय?" मी घाबरून नको म्हणालो. तेवढ्यात त्यांनी विचारलंही, कारण त्यांचं हळू बोलणं रेल्वे गेटापर्यंत ऐकू जाणारं होतं. पोलीस लाजेने लाल झाला. सरळ पोरगा होता हो, हेच तर दुखणं. लबाड असता तर मला निदान चिडता आलं असतं. कुकरवाल्यांनी मग शेवटचा तोडगा काढला. कुकर माझ्या डोक्यावर धरून म्हणाले, "साहेब्र, नोडरी, हेल्मेट! फोटो काढा, आणि बिट्टु बिडरी!" म्हणजे, सोडून द्या. गुऱ्हाळावर हशा पिकला. माझ्या डोक्यावर पाच लिटरचा कुकर, त्यात कालच्या आमटीचा वास, समोर हानगलचा जावई.

मी पैसे भरले. यंत्रातून पावती कुरकुरत बाहेर आली. सगळी कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, पण चष्मा हेल्मेटमध्ये आणि हेल्मेट फ्रिजवर. "वाचून दाखवू काय?" कुकरवाल्यांनी विचारलं. मी पावती खिशात कोंबली. जाता जाता ते पोलिसाला म्हणाले, "म्याश्टर इंग्लिश कलसतिद्द्रंत्री. एल्ला दंड आतु." मास्तर इंग्रजी शिकवत होते म्हणे, सगळं दंड झालं. कन्नडमध्ये वाया गेलेल्या गोष्टीलाही दंडच म्हणतात. म्हणजे आधी पाचशेचा दंड, वर बत्तीस वर्षांचा.

आणि मग ते गृहस्थ आपल्या मोपेडवर बसले. टोपी डोक्यावर, कुकर हँडलला, हेल्मेट कुठेही नाही. मोपेड चालू होईना, तर त्याच पोलिसाने मागून ढकलून दिली. टण्ण टण्ण करत ते पहिल्या रेल्वे गेटाच्या दिशेने निघून गेले. याबद्दल मी अजून कुणालाच क्षमा केलेली नाही.

घरी येऊन दुपारभर एकच विचार. त्या पोराने 'दंड' का म्हटलं नाही? कन्नडमध्ये दंडच, मराठीत दंडच. दोन्ही घरांत एकच भांडं असताना हा इंग्रजीच्या दारात का गेला? विचार करता करता उत्तर सापडलं आणि मन आणखी खट्टू झालं. तो 'दंड कट्टरी' म्हणाला असता तर गुऱ्हाळावरचा कुणी म्हणाला असता, मराठी माणसाशी मराठीत बोला. तो 'दंड भरा' म्हणाला असता तर दुसऱ्याने मोबाईल काढून व्हिडिओ केला असता, कर्नाटकात राहून साहेब मराठी बोलतात म्हणून. म्हणून पोरगं बिचारं इंग्रजीत गेलं. इंग्रजी ही आमची गायरान जमीन आहे. कुणाच्याही सातबाऱ्यावर नाही, त्यामुळे सगळ्यांची गुरं तिथं. पाट्यांचं बघा. गावाचं नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं. एक नोव्हेंबर हाच मुहूर्त, ज्या दिवशी एका गल्लीत कर्नाटकाच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या गल्लीत महाराष्ट्रात न गेल्याचा काळा दिवस. दुकानाच्या पाटीवर कन्नड किती टक्के हवं याचा कायदा झाला, साठ टक्के. मराठी किती असावं याचं गणित अजून कुणी मांडलेलं नाही. पण 'सॉरी', 'प्लीज', 'ॲडजस्ट' आणि 'फाईन' यांना कुणी टक्केवारी विचारत नाही.

साधं ख्यालीखुशाली विचारणंच घ्या. इथला कन्नड माणूस भेटला की विचारतो, "आराम?" आपण म्हणायचं, "आराम." शब्द कन्नड नाही, मराठीही मुळातला नाही, फारसीतून आलेला पाहुणा. पण त्याच्याशी कुणाचं भांडण नाही, म्हणून दोघांच्याही तोंडी बसला. चांगला शब्द आहे. त्यात निदान पाचशे रुपये जात नाहीत.

संध्याकाळी कपाटातला इंग्रजी शब्दकोश काढला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल, श्रीफळ आणि हा कोश दिला होता. श्रीफळाची चटणी त्याच दिवशी झाली, कोश अजून टिकून आहे. उघडला आणि पहिला धक्का बसला. मला वाटत होतं, बरा आहे हा फाईन, आणि पैसे भर हा फाईन, हे दोन वेगळे शब्द असणार, चुकून एका गल्लीत राहायला आलेले. तर नाही. दोघे सख्खे भाऊ. आई एकच, लॅटिनमधला 'फिनिस'. अर्थ, शेवट.

शेवटावरून बरा कसा झाला? तर एखादी गोष्ट शेवटपर्यंत नेली, कड गाठली, त्यात आणखी काही करायचं उरलं नाही, की ती उत्तम. फ्रेंचांनी तिला 'फ़ँ' म्हटलं, इंग्रजांनी तेच उचललं. पुढे उत्तमवरून तलम, तलमवरून बारीक. तांदळाच्या दुकानात आपण फाईन म्हणतो तो हाच. वडगाव, शहापूर, यळ्ळूरच्या शिवारात पिकणाऱ्या आमच्या बासमतीचा दाणा असा, की एका घरी भात शिजला की गल्लीला कळायचं. आता त्या शिवारात प्लॉट पडताहेत आणि वासाला फिनाईल येतं, पण तो विषय वेगळा. क्रिकेटमधला फाईन लेगही याच घरातला. यष्टींच्या रेषेच्या जितकं जवळ, तितकं फाईन. माशाचा फिन मात्र यातला नव्हे, तो अस्सल इंग्रजी कोळी.

आणि दंडाचा फाईन? तोही शेवटच. भांडण संपवण्यासाठी जी रक्कम मोजायची ती फिनिस. दिले पैसे, संपला विषय. म्हणजे मूळ अर्थ पाहिला तर कुकरवाल्यांचं तोडपाणीच की हो! तोड म्हणजे शेवट आणि त्यासाठी पाणी सोडायचं. मी रात्री साडेनऊ वाजता टेबलावर हात आपटला. बायको आतून म्हणाली, "झोपा आता." 'फायनान्स' हा शब्दसुद्धा याच पोटचा, मुळात देणं फेडून मोकळं होणं. आज फायनान्स म्हटलं की देणं सुरू होतं, हा काळाचा महिमा.

इंग्लंडात तर या फाईनचा मोठा कारखानाच होता. जमीन विकायची असली की घेणारा विकणाऱ्यावर न्यायालयात लुटुपुटूचा खटला भरायचा. भांडण नाहीच, नुसतं नाटक. मग न्यायाधीशासमोर तडजोड करायची, त्या तडजोडीला फाईन म्हणत. एकाच चामड्याच्या पानावर ती तीनदा लिहायची, मग नागमोडी रेषेत कापून तीन तुकडे करायचे. दोन तुकडे दोघा पक्षांना, तळाचा न्यायालयाच्या दप्तरात. कुणी खोटं पान आणलं तर नागमोड जुळत नाही, पकडला जातो. तळाच्या तुकड्याला ते 'फाईनचं पाऊल' म्हणत. ११९५ पासून ही पावलं नीट जपली गेली आणि १८३३ मध्ये कायदा करून हा प्रकार बंद झाला. सहाशे अडतीस वर्षं खोटे खटले, आणि प्रत्येकाचा निकाल वेळेत. आमच्या सीमेचा खटला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये दाखल केला. तो खरा आहे. बहुतेक त्यामुळेच वेळ लागतोय.

आता सगळ्यात कडू भाग. फिनिसचा आणखी एक अर्थ आहे. सीमा. शेताची, गावाची, राज्याची हद्द. 'डिफाईन' म्हणजे हद्द आखणं, 'कन्फाईन' म्हणजे हद्दीत कोंडणं. त्या पोराने सीमेवरच्या चौकात, सीमेवरच्या माणसाला, कुणाचीच नाही म्हणून जी भाषा निवडली, तिच्यातून नेमका कोणता शब्द उचलावा? एका अर्थाने तो मला चौकात ओरडून सांगत होता, "सर! सीमा! सीमा!" आणि मी थँक्यू म्हणत निघालो होतो. आमच्या चार पिढ्या तेच तर करताहेत. १९५६ ला रेषा ओढली, १९६७ ला सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि आम्ही दळण घेऊन आपले घरी जातोय.

या कुळातला सगळ्यात गोड शब्द 'अफिनिटी'. ॲफिनिस म्हणजे ज्याची हद्द आपल्या हद्दीला लागून आहे तो, म्हणजे शेजारी, आणि म्हणजेच सोयरा. लॅटिनवाल्यांना बांधाला बांध आणि लग्नाची सोयरीक यांत फरक वाटला नाही. निपाणी-चिकोडीकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, त्यालाही वाटणार नाही. एक लेक इचलकरंजीला दिलेली, सून गोकाकची. सणाला इकडून तीळगूळ, तिकडून करदंट मिठाई. सरकारं भांडताहेत, विहिणी फराळाचे डबे बदलताहेत. माझंच बघा ना. फाईन भरता भरता हानगलची सोयरीक जुळली. फक्त ती खोटी होती आणि तिच्यात सूट मिळाली नाही.

आणि त्याच घराण्यातला नकटा पोरगा म्हणजे पॅराफिन. मेणबत्तीतलं मेण. राइखेनबाख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये ते शोधलं. दुसऱ्या कुठल्याच पदार्थाशी ते फारसं मिसळत नाही, म्हणून 'पारुम ॲफिनिस', कमी सोयरिकीचं, असं नाव पडलं. शेजाऱ्याशी पटत नाही म्हणून मेणबत्तीला नाव ठेवलं. काही जणांचे मोर्चेही पॅराफिनचे असतात. मंत्री यायच्या आठवड्यापुरते पेटतात, मग ठिपका उरतो.

एवढं वाचल्यावर वाटलं, आता मोल्सवर्थचा मराठी कोशही काढावा. दंडाचं तरी काय आहे बघू. दंड म्हणजे काठी. काठीने मारतात म्हणून शिक्षा. शिक्षेच्या बदली पैसे म्हणून दंड. खांद्याखालचा हात म्हणजे दंड, त्याने मारायचे तेही दंड. वेळ मोजायची घटिका तीही दंड, चोवीस मिनिटांची. मी त्या चौकात बरोबर एक दंड उभा असेन. आणि लुगड्याचा दंड. माझी आई जुनी इरकल लुगडी मधोमध फाडायची. मधे विरलेला भाग काढून टाकायची आणि दोन्हीकडचे धड पदर आत घेऊन जोडून शिवायची, त्या शिवणीला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं जायचं. आतली शिवण मांडीला टोचते, असं ती म्हणायची. पण बाहेरून कुणाला दिसत नसे.

मग एक गोष्ट सापडली ती मी बायकोला उठवून सांगितली आणि तिने ती ऐकली नाही. आपल्या जुन्या पोथ्यांत वाक्य संपलं की उभी रेघ मारतात, श्लोक संपला की दोन. तिचंही नाव दंड. शेवटाची खूण. म्हणजे तिकडे शेवटावरून दंड झाला, इकडे दंडावरून शेवट झाला. दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच गुऱ्हाळावर भेटले. "बरं," बायको म्हणाली. "पँटवरचं पीठ निघालं का?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. त्याला आईने सगळं सांगितलं होतं, कुकरसकट. तो हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "बाबा, तुम्ही जागच्या जागी भरलात? अहो, भरायचं नसतं. थकवायचं असतं. तेवीसच्या फेब्रुवारीत कर्नाटकात थकलेल्या दंडावर पन्नास टक्के सूट दिली होती. पुढेही दिली. सेल लागतो त्याचा."

मी त्याला खोटा ठरवायला गेलो. पण खरंच आहे ते. २०२३ च्या फेब्रुवारीत ज्यांनी वर्षानुवर्षं सिग्नल तोडले त्यांना अर्ध्या पैशांत मोकळं केलं. म्हणजे माणूस नियम मोडेल, वर पैसे देणार नाही, आणि ग्राहक म्हणून सरकार त्याला सूट देईल. आणि माझ्यासारखा, चुकून एकदा, दळणासाठी, घरापासून हाकेच्या अंतरावर सापडलेला इसम पूर्ण भावाने भरेल. कुंदा या आमच्या मिठाईचा भाव काय आहे विचारा बाजारात. पाचशेत किती आला असता, ते मी मोजून पाहिलंय. आकडा सांगत नाही, पुन्हा आवाज चढेल.

आता स्कूटर काढली की हेल्मेट घालतो. गिरणीत सुद्धा काढत नाही. गिरणीवाला विचारतो, "सर, आत पाऊस पडतोय काय?" चौकातून जाताना तो पोलीस दिसतो. दुरूनच हात करतो आणि ओरडतो, "सर, हानगलक यावाग?" हानगलला कधी? मी हेल्मेटच्या आतून काहीतरी पुटपुटतो. दिवाळीला जातो असं त्याला ऐकू गेलं असावं, कारण परवा त्याने सासऱ्याचा फोन नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. येताना तांदूळ घेऊन या, म्हणाला.

पावती मी मोल्सवर्थमध्ये 'द'च्या पानात ठेवली होती. चष्मा लावून एकदा नीट वाचू, माझं नाव तरी बरोबर लिहिलंय का बघू, असा विचार होता. काल काढली. यंत्रातला तो गुळगुळीत कागद, आठवड्यात अक्षरं उडाली. नाव नाही, गुन्हा नाही, रक्कम नाही. उजेडाकडे धरली तर कोपऱ्यात एक उभी रेघ तेवढी दिसते.